थेंब उभा राहिला पाहिजे

निपाणीच्या नेमिनाथ आप्पांना कापडातलं सगळं कळतं, असं नेमिनाथ आप्पांचं मत होतं. बाजारात दुसऱ्या कुणाचं तसं मत असल्याचं अजून ऐकिवात नाही. गिऱ्हाईक आलं की आप्पा कोऱ्या कापडावर पाण्याचा थेंब टाकत. थेंब मोत्यासारखा उभा राहिला की वीण घट्ट, पसरला की माल हलका. कोऱ्या कापडाला खळ असते, ती धुण्यात गेली की कुठलंही कापड पाणी पितं, ही गोष्ट तीस वर्षं दुकानात बसून त्यांच्या कानावरून गेली असेल. आत शिरली नव्हती.

त्यांची कुत्री चिंगी गाभण राहिली. आप्पांचा तिच्यावर इतका जीव, की दीड महिना झाल्यावर ते तिला जनावरांच्या डॉक्टर सौम्याबाईंकडे रक्त तपासायला घेऊन गेले. सुई निघताना चिंगीनं हिसडा दिला आणि रक्ताचा थेंब आप्पांच्या धोतरावर पडला. धोतर वर्षभर धुतलेलं. थेंब बघता बघता रुपयाएवढा झाला आणि आप्पांचा चेहरा उतरला. त्यात रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन कमी आलं.

"आप्पा, गाभण कुत्रीच्या रक्तात पाणी वाढतंय, म्हणून आकडा खाली येतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पिल्लं झाल्यावर दोन महिन्यांत आपोआप वर येतंय. काळजी न्हाय."

आप्पांनी यातलं 'पाणी वाढतंय' एवढंच ऐकलं. चिंगीचं रक्त हलकं झालंय आणि डॉक्टर पोरगी खरं लपवते आहे, असं त्यांनी घरी येऊन जाहीर केलं. त्यांच्या पत्नीनं, तारामती आक्कांनी, त्याच धोतरावर तांब्यातलं पाणी शिंपडलं.

"हे बी पसरलं की. आता पाणी बी आजारी हाय काय?"

"कापडातलं मला शिकवू नको," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन भगवंतासमोर नियम घेतला: चिंगीच्या रक्ताचा थेंब ह्याच धोतरावर उभा राहीपर्यंत चहा बंद. दिवसाला सहा कप पिणारा माणूस. नियम आप्पांनी घेतला, भोगला आक्कांनी. आप्पांचं डोकं दुखायचं, ते आक्कांनी दाबायचं. पंधरा दिवसांनी चिंगीला पाच गुबगुबीत पिल्लं झाली. सगळी गल्ली बघायला आली आणि चहा पिऊन गेली. आप्पा कपांकडे बघत बसले. पुढं ते भाताला नावं ठेवू लागले, मग आमटीला, मग आक्कांच्या माहेरच्या चिकोडीला. दर आठवड्याला ते एक थेंब मागायला दवाखान्यात जात. शेवटी कुत्रीला नळ बसवलेला नाही, असं सौम्याबाईंनी सांगितलं.

दोन महिने भरले. तपासणीच्या सकाळी आक्कांनी धोतर इस्त्रीला घेतलं. वीज जाते म्हणून ठेवलेली मेणबत्ती कपाटातून काढली, धोतरावर वरपासून खालपर्यंत घासली आणि वरून इस्त्री फिरवली. देवाला मनातल्या मनात हात जोडले.

दवाखान्यात आप्पांनी हट्टानं थेंब धोतरावर पाडून घेतला. थेंब डाळिंबाच्या दाण्यासारखा उभा राहिला. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चिंगीला पोटाशी धरलं. रिपोर्टातला आकडाही जागेवर आला होता, पण तो वाचायला कुणाला वेळ होता? घरी येऊन त्यांनी एका बैठकीला तीन कप चहा घेतला.

"बघितलंस? माझी पारख."

"व्हय की," आक्का म्हणाल्या आणि मेणबत्तीचा तुकडा आत सरकवला. अडीच महिन्यांनी घरात शांतता झाली होती.

ती दुपारपर्यंत टिकली. दुकानात उकडत होतं. आप्पांनी तोंडावर पाणी मारलं आणि धोतराच्या सोग्यानं पुसलं. पाणी जाईना. पुन्हा पुसलं. सोगा कोरडाच, तोंड ओलंच. आप्पा विचारात पडले आणि त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, तोंडावरचं पाणी कापडात शिरंना झालंय. तीन कप चहानं माझ्या अंगातलं पाणीच घट्ट झालंय बघ. बस्तीकडं निघालोय. चहा कायमचा सोडतो."

आक्कांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"अहो, चहा नका सोडू. धोतर बदला. मी त्याला मेण लावलंय."

"कापडातलं मला शिकवू नको," आप्पा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.