आश्वासन समिती आणि अमावास्येचं पान

सकाळचे आठही वाजले नव्हते आणि सुनंदाने तीनदा ओठ मिटून घेतले होते.

दर चातुर्मासात ती काहीतरी सोडायची. कधी कांदा-लसूण, कधी गोड, एकदा तर चहा. यंदा तिने राग सोडला होता. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत तोंडातून कठोर शब्द काढायचा नाही, आणि निघालाच तर त्या दिवशीचं जेवण सोडायचं. व्रत घेताना ते तिला सोपं वाटलं होतं, कारण मुळात तिचा आवाज देवघराच्या बाहेर जाईल एवढाही नव्हता. पण भाद्रपद संपता संपता तिला अकरा उपास घडले होते, आणि त्यातले नऊ एकट्या हरेश साहेबांनी घडवले होते.

हरेश साहेब म्हणजे बांधाच्या खात्यातले अभियंते. वसईच्या खाडीकाठच्या या आळीत भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध आहे, आणि पावसाचं पाणी खाडीत जावं म्हणून त्या बांधात उघडी, म्हणजे मोठी मोरी, आहे. उघडीला झडप असते. ओहोटीला ती उघडते, भरतीला मिटते. सुनंदाच्या सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेली सागवानी झडप चाळीस वर्षं टिकली. ती कुजली तेव्हा आमदारांनी विधानसभेत प्रश्न विचारला, आणि मंत्र्यांनी उभं राहून आश्वासन दिलं की सहा महिन्यांत लोखंडी झडप बसवू. त्याला आता आठ वर्षं होत आली होती. दर उधाणाला खारं पाणी आत यायचं. खालचे दोन तुकडे कधीच गेले होते. उरला होता घरामागचा एक, आणि त्यातलं भात आता पोटरीला आलं होतं. आज सर्वपित्री अमावास्या. आजचं पाणी फार तर अंगणापर्यंत येणार. पण कोजागिरीचं उधाण त्या तुकड्यात शिरल्याशिवाय राहणार नाही, हे सुनंदाला पंचांग न उघडताही ठाऊक होतं.

मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला गेला की नाही, हे बघायला विधिमंडळात आमदारांचीच एक समिती असते, तिला आश्वासन समिती म्हणतात, हे तिला मुंबईत नोकरीला असलेल्या पुतण्याने सांगितलं. तिने त्या समितीला पत्र लिहिलं. एकदा नाही, चारदा, प्रत्येक वेळी वर श्रीकार घालून. चौथ्या पत्राला उत्तर आलं: समिती स्वतः पाहणीला येत आहे. सुनंदाने त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली. साखर ठेवायची घाई झाली, हे तिला काल कळलं.

काल दुपारी हरेश साहेब टेम्पो घेऊन आले. रामनाथने, म्हणजे सुनंदाच्या नवऱ्याने, आळीतल्या लोकांना घेऊन उघडीच्या तोंडाशी चिखलाने भरलेली साठ पोती रचली होती. तेवढाच काय तो पाण्याला अडसर. साहेबांनी ती पोती उचलायला लावली. समितीला कचरा दिसेल म्हणाले. मग टेम्पोतून प्लायवूडची एक मोठी फळी उतरली, तिला रुपेरी रंग फासला गेला, आणि लाल अक्षरांत 'काम पूर्ण' लिहून ती उघडीला ठोकून बसवली. दुरून बघितलं तर अगदी लोखंड.

रामनाथ म्हणाला, "साहेब, ही उद्याच्या पान्याला टिकायची नाय."

"समिती साडेआठला येते, नऊला जाते," साहेब म्हणाले. "भरती साडेबाराला. मी वेळ बघूनच ठरवलंय. तुम्ही कशाला टेन्शन घेता?"

सुनंदाने तेव्हा ओठ मिटले. खवणीवर बसून तिने चार नारळ खवले. घरात गरज एकाची होती.

आणि समिती साडेआठला आली नाही. राजोडीला समुद्रकाठी एका रिसॉर्टवर नाश्ता होता, तिथे सत्कार निघाला. सत्कारात भाषणं निघाली. नऊ झाले, दहा झाले. बांधावर उभे असलेले हरेश साहेब एकदा घड्याळाकडे आणि एकदा खाडीकडे बघत होते. स्वागताला आणलेली फटाक्यांची माळ त्यांच्या माणसाने तीनदा उगाचच सरळ करून ठेवली. पावणेअकराला गाड्या आल्या, माळ लागली, आणि आळीतल्या चिंचेवरचे सगळे कावळे उडून विरारच्या दिशेने गेले.

समितीचे अध्यक्ष जयवंतराव. पांढरे कपडे, कपाळाला गंध, बोलणं गोड. बरोबर सहा आमदार. साहेबांनी सगळ्यांना घाईघाईने बांधावर नेलं. खाडीकडून पाणी फळीच्या निम्म्यापर्यंत चढलं होतं आणि आतली बाजू कोरडी ठणठणीत होती.

"बघा सर, थेंब नाही," हरेश साहेब म्हणाले, आणि लगेच खिशातून कागद काढला. सदर आश्वासनाची पूर्तता झाली असून प्रकरण बंद करण्यात येत आहे. खाली सहीची जागा. रामनाथ काहीतरी सांगायला पुढे झाला तर त्याला सांगण्यात आलं की, काका, तुमचं सगळं पत्रात आलेलं आहे. जयवंतरावांनी पेन काढलं.

आठ वर्षं, चार पत्रं, साठ पोती. सुनंदाच्या जिभेवर जे आलं होतं त्याला एक उपास पुरला नसता. तिने ते गिळलं, पदर सारखा केला, आणि हात जोडून जयवंतरावांना अगदी हळू म्हणाली, "साहेब, आज सर्वपित्री. सासऱ्यांचं पान आहे. आजच्या दिवशी दारात आलेला मानूस जेवल्याशिवाय गेला तर पितर उपाशी जातात."

जयवंतराव थांबले. कागद बघितला, तिच्याकडे बघितलं. तळणाचा वास बांधापर्यंत येत होता.

"सर, आपल्याला उशीर होतोय," साहेब म्हणाले.

"अहो, पितरांना नाही कसं म्हणायचं?" जयवंतरावांनी पेनला टोपण लावलं. "आधी पान, मग सही."

सुनंदाने यात खोटं काही केलं नव्हतं. स्वयंपाक पहाटेच झाला होता. वडे, खीर, अळूचं फदफदं. सात पानं वाढणं म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हती. शेजारच्या ख्रिस्ती घरातल्या बेटीबाय मदतीला आल्याच. त्यांचं शेतही याच पाण्यात गेलेलं. ओटीवर पंगत बसली. फक्त एक गोष्ट होती. कावळा पानाला शिवल्याशिवाय घरात कुणी घास घ्यायचा नाही, हा सासऱ्यांच्याही आधीपासूनचा नेम होता. पान कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं. आणि आळीत एकही कावळा नव्हता.

सव्वाअकरा झाले. आमदार वड्यांकडे बघत बसले. साडेअकरा. हरेश साहेब चिंचेखाली जाऊन काव काव करून आले. त्यांच्या माणसाने केलं. मग एका आमदारांनी, आपल्या मतदारसंघात आपल्याला हे चांगलं जमतं असं सांगून, ओटीवरूनच केलं. चिंच रिकामीच.

"दर्भाचा कावळा करतात ना?" साहेब रडकुंडीला येऊन म्हणाले. "आमच्याकडे चालतो."

"तुमच्याकडं प्लायवूडची झडपबी चालते," सुनंदा म्हणाली.

आवाज इतका मऊ होता की हा कठोर शब्दांत धरायचा की नाही, याचा तिने क्षणभर विचार केला आणि धरला नाही. जयवंतरावांनी मान वळवली. "कसली झडप?" साहेबांना त्याच वेळी खोकल्याची उबळ आली.

पावणेबाराला बेटीबायनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "सुनंदाबाय, तुमच्यात कावला येत नाय तवा मेलेल्याला वचन देतात ना? इच्छा पुरी करू म्हनून?"

"देतात ना," रामनाथ म्हणाला. "बापाला दुसरी काय इच्छा असनार? ती झडप. पन मी शब्द दिला तर बाप ऐकायचा नाय. माझ्या हातात काय आहे?"

सगळ्यांच्या नजरा अध्यक्षांकडे गेल्या. जयवंतराव उठले, भिंतीपाशी गेले, पानापुढे हात जोडले आणि सभागृहात बोलावं तसं बोलले. या भागाच्या प्रश्नांची आपल्याला जाणीव आहे, त्याबाबत सकारात्मक भूमिका घेतली जाईल, असं आश्वासन आपण या ठिकाणी देतो. मग त्यांनी वर बघितलं. एक कावळा खरोखरच आला होता. तो लांब विजेच्या तारेवर बसून मान वाकडी करून त्यांच्याकडे बघत होता, आणि तिथून हलत नव्हता.

"सासऱ्यांनी हे आधी ऐकलेलं आहे," सुनंदा म्हणाली.

पाणी आलं ते आवाज न करता. आधी रस्त्याकडेच्या गटारातून वर आलं, मग अंगणात पसरलं. सर्वांत आधी एका आमदारांची चप्पल ओटीखालून निघून तुळशीकडे गेली. ते तिच्यामागे उतरले तर घोट्यापर्यंत भिजले. तेवढ्यात बांधाकडून काहीतरी मोडल्याचा मोठा आवाज झाला. रस्त्यावरच्या गाड्यांची चाकं दिसेनाशी झाली, ड्रायव्हर टपावर चढले, आणि पाच मिनिटांत फाटकातून एक रुपेरी फळी गिरक्या घेत अंगणात आली. जयवंतराव अजून भिंतीपाशीच होते, गुडघाभर पाण्यात. फळी त्यांच्या पायाशी येऊन थांबली. वर लाल अक्षरं होती: काम पूर्ण.

हरेश साहेब ओटीच्या खांबामागे गेले.

जयवंतराव बराच वेळ ती अक्षरं वाचत राहिले. मग त्यांनी घसा साफ केला. माणूस वाईट नव्हता, पण वीस वर्षांची सवय होती. "वहिनी," ते म्हणाले, "झालं ते गंभीर आहे. मी तुम्हाला आश्वासन देतो की—"

"परत तो शब्द काढू नका!"

रामनाथने लग्नापासून हा आवाज ऐकला नव्हता.

"आठ वर्षं आश्वासनच खातोय आम्ही. मंत्र्यानं दिलं. ते पाळलं का बघायला तुम्ही आले, तर तुम्हीबी तेच देता? आनि कोनाला, मेलेल्या मानसाला? आमची पोती उचलली, तिथं फळी ठोकली, रंग लावला. लाज नाय वाटली? त्या तुकड्यातलं भात गेलं तर माझ्या घरात वर्षभर काय शिजनार, हे लिहिलंय तुमच्या कागदावर? पेन आहे ना खिशात? काढा. आनि पान्यात उभं राहून जे दिसतंय ते लिहा!"

तिला पुढेही बोलायचं होतं, पण भिंतीवर फडफड झाली. तारेवरचा कावळा पानावर उतरला होता. त्याने वडा उचलला, खाली ठेवला, खिरीत चोच घातली, आणि परत वडा उचलला.

"बाप आला," रामनाथ पुटपुटला. "घरात कुनी चार शब्द खनखनीत बोलल्याशिवाय त्याला भूकच लागायची नाय."

जयवंतरावांनी पेन काढलं. हरेश साहेबांच्याच कागदावर, पूर्तता झाली या ओळीवर काट मारून, त्यांनी लिहिलं: झडप अस्तित्वात नाही. हे लिहिताना पाणी माझ्या गुडघ्याच्या वर आहे. लोखंडी झडप कोजागिरीपूर्वी बसवून मला जागेवर दाखवावी. तोपर्यंत प्रकरण बंद होणार नाही. खाली सही केली, आणि कुणी न सांगताच सहाही आमदारांच्या सह्या घेतल्या. कागद त्यांनी साहेबांना दिला नाही. सुनंदाला दिला. तिने तो देवघरात नेऊन ठेवला.

ओहोटी लागेपर्यंत गाड्या निघणार नव्हत्या. म्हणून पंगत निवांत झाली. ओटीवर पाय वर घेऊन सगळे जेवले, खीर दोनदा फिरली. हरेश साहेबांनाही पान वाढलं गेलं, पण त्यांना फार जेवता आलं नाही. पाणी उतरलं की त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी साठ पोती परत भरून जागेवर रचायची, आणि ती रचून होईपर्यंत समिती हलणार नाही, असं अध्यक्षांनी दुसऱ्या वड्याच्या वेळी जाहीर केलं होतं.

सुनंदा वाढत होती. आवाज परत पहिल्यासारखा झाला होता, कुणाला वडा हवा का हे बेटीबायना मोठ्याने विचारावं लागत होतं.

"वहिनी, सगळ्यांचं झालं," जयवंतराव म्हणाले. "आता तुम्हीही बसा."

"माझा आज उपास आहे."

"अमावास्येचा?"

"नाय साहेब," सुनंदा म्हणाली, आणि त्यांच्या पानात आणखी एक वडा वाढला. "तुमचा."