हरित कर्ज आणि चाळीस शर्ट

लाँड्रीवाल्याच्या दुकानाचं विजेचं बिल इतकं कमी आलं, की दुकान बंद पडलं अशी शंका बँकेला आली. बँकेच्या मॅडम फाइल घेऊन थेट दुकानातच येऊन बसल्या.

सहा महिन्यांपूर्वी याच बँकेने त्याला ‘हरित कर्ज’ दिलं होतं. त्यातून वाफेवर चालणारं इस्त्रीचं मशीन आलं. अट एकच: दुकानाचा वीजवापर पाव भागाने घटला, तर व्याज निम्मं. निम्म्या व्याजाचा मोह कुणाला नसतो? पण लाँड्रीवाल्याने कर्ज काढलं ते बायकोसाठी. बावीस वर्षं जड इस्त्री ओढून तिचा खांदा कामातून गेला होता. त्या खांद्याला जरा आराम मिळावा, एवढंच त्याला हवं होतं.

“मशीन आहे ना आतल्या खोलीत? की विकलंत?” मॅडमनी विचारलं.

“विकीन कसं? काटकसर आहे मॅडम, काटकसर!”

“एवढी? मग इस्त्री होते कुठे?”

“इथेच की! दुपारी मी कपडे पोचवायला जातो, तेव्हा आमची ही मशीन लावते.”

तेवढ्यात ‘ही’ बगलेत गाठोडं मारून आत आली. गाठोड्यात चाळीस शर्ट. लाँड्रीवाल्याने वरच्या शर्टाला हात लावला, तर तो गरम.

“अगं, तू घरी इस्त्री करतेस?”

“मग काय करू? मशीन लावलं की मीटर पळणार. घरच्या मीटरला बँक थोडीच विचारतेय!” एवढं बोलून झाल्यावर तिला कोपऱ्यातल्या मॅडम दिसल्या.

रोज लाँड्रीवाला तिचा खांदा चोळत होता आणि वयाला बोल लावत होता.

“मॅडम, पूर्ण व्याज लावा,” तो म्हणाला. “वर दंडही लावा. पण हिच्या खांद्याला आराम मिळू दे.”

मॅडमनी आकडेमोड केली आणि कपाळावर हात मारला. “अहो, सगळे कपडे मशीनवर केले असते, तरी वीज निम्मीच लागली असती! म्हणून तर मशीनसाठी कर्ज दिलं. घरच्या जुन्या इस्त्रीने उलट जास्तच जाळलीत.”

वीजवापर घटवून दाखवायला त्यांनी तीन महिने मुदत वाढवली आणि फाइलीत नवी अट लिहिली: इस्त्री फक्त मशीनवर.

दुसऱ्या दिवशी घरी बायकोचा हात सवयीने जुन्या इस्त्रीकडे गेला.

“बँकेला कळवू?” लाँड्रीवाल्याने विचारलं.

ती उठून दुकानात मशीनपुढच्या स्टुलावर जाऊन बसली. बावीस वर्षांच्या संसारात त्याचं इतक्या पटकन कधीच कुणी ऐकलं नव्हतं.

पुढचा हप्ता भरायला गेला, तेव्हा त्याने मॅडमना हळूच विचारलं, “हे कर्ज आणखी दहा-वीस वर्षं चालू ठेवता येईल का हो?”