अच्युतरावांची गूळतुळा

अच्युतराव त्रिलोकेकरांना आयुष्यात कोणी फसवलं नव्हतं, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. आंबा देठाकडे हुंगून, धोतर काठ चोळून आणि कीर्तनकार पहिल्या नमनात ओळखणारा माणूस! गिरगावातल्या त्यांच्या वाडीत अच्युतरावांनी निवडलेली वस्तू म्हणजे खात्रीची, असा लौकिक होता. निदान ते तसं रोज सांगत. म्हणून "घरात वजनकाटा आणणार, आणि असा आणणार की देवानंसुद्धा त्यावर विश्वास ठेवावा," असं त्यांनी जाहीर केलं, तेव्हा लीलाबाई तांदूळ निवडता निवडता एवढंच म्हणाल्या, "देवाला कशाला मध्ये घेता?"

पण देव मध्ये होताच. चार वर्षांपूर्वी, मुंबईच्या रस्त्यांवर गोळ्या चालल्या त्या दिवसांत, अच्युतराव वाडीतल्या विठोबापुढे भर कीर्तनात उभे राहिले होते. "देवा, मुंबईसह महाराष्ट्र होऊ दे, माझ्या भारोभार गूळ वाहीन," असं ते बोलून गेले. नवस मनातल्या मनात बोलले असते तर गोष्ट त्यांच्यात आणि विठोबात राहिली असती. पण कीर्तनाला उभे होते अण्णाबुवा. त्यांनी तिथल्या तिथे चिपळ्या वाजवून तो नवस शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला. आता मे महिन्याच्या पहिल्या तारखेला राज्य होणार हे ठरलं, आणि त्याच संध्याकाळी देवळात तुळा करायची हे अण्णाबुवांनी ठरवलं. वाडीचा रिवाज असा, की एकदा पारड्यात बसलेल्या माणसानं दोन्ही पारडी समान झाल्याखेरीज उतरायचं नाही. उतरला की नवस मोडला.

म्हणजे गूळ किती लागेल हे आधी कळायला हवं. अच्युतराव चर्नी रोडच्या फलाटावरच्या यंत्रावर दोनदा चढले. यंत्रानं वजन दोन्ही वेळा वेगळं सांगितलं आणि तिकिटावरचं भविष्य मात्र दोन्ही वेळा तेच दिलं.

"थोडा जास्तच आणून ठेवा की गूळ," लीलाबाई म्हणाल्या.

"देवाला अंदाजानं द्यायचं? मी काय रद्दी विकतोय?"

"बरं बाई."

काटा खरा की खोटा हे पारखायचं, तर ज्याचं वजन पक्कं ठाऊक आहे अशी वस्तू हाताशी हवी. ती अच्युतरावांच्या घरातच होती, म्हणजे आठवड्यातून चार दिवस जेवणाच्या वेळी असे. लीलाबाईंचा धाकटा भाऊ मनमोहन. त्याच्या विम्याच्या वेळी मोठ्या डॉक्टरनं त्याला पितळी मापाच्या काट्यावर उभं करून वजन घेतलं होतं, बरोबर एकशे चाळीस पौंड, आणि ते तो लोकांना गोत्र सांगावं तसं सांगे.

"मनू, उद्या माझ्याबरोबर चल. तू आमचं माप."

"येतो की भावोजी. पण उपाशीपोटी मी खरं वजन दाखवत नाही."

तर अशी ही दोघांची दिंडी निघाली. प्रत्येक दुकानात अच्युतराव रुबाबात सांगत, "काटा काढा," आणि मनमोहन वहाणा काढून वर चढे. पहिल्या दुकानातला काटा एकशे सत्तरच्या पुढे गेला. "खोटा," अच्युतराव म्हणाले. दुकानदार म्हणाला, "शेटजी, नवाकोरा माल आहे." "नवाकोरा खोटा." बाहेर येऊन मनमोहननं मिसळ खाल्ली. दुसऱ्या दुकानातला काटा पहिल्यापेक्षा थोडा पुढेच गेला. मनमोहननं पीयूष घेतलं. तिसरा आणखी पुढे. साबुदाणेवडे झाले. अख्ख्या मुंबईत सगळे काटे एकाच बाजूला खोटं बोलतात, याचा अच्युतरावांना मनापासून खेद झाला. नवीन राज्यात या व्यापाऱ्यांचं काय करायचं याची योजनासुद्धा त्यांनी चालता चालता आखली.

शेवटी लोहार चाळीच्या तोंडाशी, एका अंधाऱ्या दुकानात, कुलुपांच्या ढिगामागे एक चपटी, हिरवी, परदेशी पेटी निघाली. तिच्यावर पाय ठेवायचे आणि काचेच्या डोळ्यातून खाली आकडा बघायचा. मनमोहन चढला. पेटी कण्हली. आकडा फिरला, डुलला आणि एकशे चाळिसावर गप्प उभा राहिला.

"हा," अच्युतराव हळूच म्हणाले. विठोबा दिसावा तसं त्यांचं तोंड झालं होतं. "हा एक सज्जन."

घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, सोवळं नेसले आणि वजन करायला आले, तर काट्यावर हळद, कुंकू आणि झेंडूचं फूल. समोर नारळ फोडलेला.

"हे काय केलंस?"

"देवाच्या कामाची वस्तू. पूजा नको करायला?"

"अगं, याच्यावर पाय ठेवायचे असतात."

लीलाबाईंनी कानांवर हात ठेवले. "पुजलेल्या वस्तूला पाय लावणार? या घरात?"

अच्युतरावांनी फुलाकडे पाहिलं, कुंकवाकडे पाहिलं. पाय उचलला आणि परत खाली ठेवला. चाळीस वर्षं कीर्तनं ऐकलेला माणूस. पाय पुढे जाईना. शेवटी तोड निघाली. पाय लावायचे नाहीत, पण बसायला काय हरकत? ते मांडी घालून काट्यावर बसले. आता आकडा त्यांच्या खाली. मनमोहन जमिनीवर पालथा पडला, गाल फरशीला टेकवून भावोजींच्या धोतराखाली डोकावू लागला.

"दिसतंय का?"

"भावोजी, श्वास सोडू नका. धोतर हलतं."

"लवकर वाच!"

मनमोहननं आकडा वाचला. अच्युतराव खूश झाले. ते समजत होते त्यापेक्षा वजन बरंच कमी भरलं होतं. "पाहिलंत? उपासतापास अंगी लागले," ते म्हणाले, आणि त्या आकड्याबरहुकूम, एक खडा इकडेतिकडे न करता, गूळ आणला.

एक मेच्या संध्याकाळी देऊळ तोरणांनी भरून गेलं होतं. वखारीतला मोठा तराजू मंडपाच्या तुळईला टांगला होता. अण्णाबुवांनी पूर्वरंग असा रंगवला की बायका डोळे पुसू लागल्या. मग अच्युतराव हात जोडून पारड्यात बसले. समोरच्या पारड्यात ढेपी चढू लागल्या. शेवटची ढेप चढली. टाळ वाजले. सगळ्यांनी माना वर केल्या.

अच्युतरावांचं पारडं जमिनीवरच होतं.

"जरा हलके व्हा," कोणीतरी सुचवलं. अच्युतरावांनी श्वास रोखून पाहिला, डोक्यावरची पगडी काढून लीलाबाईंकडे दिली. पारडं ढिम्म.

"दुकानातून आणा थोडा," अण्णाबुवा म्हणाले. पण राज्याचा दिवस. गिरगावातलं प्रत्येक दुकान बंद, आणि दुकानदार मिरवणुकीत. इकडे उतरावं तर नवस मोडला, तोही मुंबई मिळाली त्याच दिवशी. अच्युतरावांना घाम फुटला. शेजारच्या शेवंतीनं कनवाळूपणे पन्ह्याचा पेला पुढे केला. अण्णाबुवांनी तो वरच्यावर अडवला. "बाई, त्यांना आता काही पाजू नका. आपल्याला झेपायचं नाही."

लीलाबाई भावाकडे वळल्या. "मनू, तुझं ते वजन. कधी केलं होतंस?"

"विमा उतरवला तेव्हा."

"तो कधी उतरवलास?"

मनमोहननं खांबाकडे पाहिलं. "लग्नाआधी."

सगळ्या मंडपानं मनमोहनच्या पोटाकडे पाहिलं. त्याची तिन्ही मुलं त्या पोटाला टेकून बत्तासे खात होती. पारड्यात बसल्या बसल्या अच्युतरावांना सगळी दुकानं आठवली, ज्यांना ज्यांना ते खोटं म्हणाले ती सगळी.

"बुवा," ते कसंबसं बोलले, "चूक माझी. खऱ्या काट्यांना खोटं म्हटलं आणि खोट्याला पुजलं. काय प्रायश्चित्त असेल ते सांगा. पण उतरा म्हणू नका."

अण्णाबुवांनी वीणा गळ्यात नीट केली. "मंडळी, हे राज्य यांनी एकट्यानं आणलं का?"

"नाही," मंडळी म्हणाली.

"मग त्याच्या नवसाची तुळा एकट्याच्या गुळानं कशी व्हावी?" आणि त्यांनी अभंगच धरला.

शेवंती पेला घेऊन तशीच घराकडे धावली आणि डब्यातला खडा घेऊन आली. मग बायका उठल्या. कोणी पोळीचा गूळ आणला, कोणी चहाचा. खोताच्या वाडीतली मिसेस परेरा गाणं ऐकायला दारात उभी होती, तीही घरी जाऊन कागदात बांधलेला गूळ घेऊन आली आणि चपला बाहेर काढून आत आली. पारडं तसूभर उठलं. आणखी उठलं. अच्युतराव डोळे मिटून हुंदके देत होते, त्यानं तराजू हलत होता, म्हणून अण्णाबुवांना अभंगाचं एक चरण जास्त म्हणावं लागलं. मग दोन्ही पारडी समोरासमोर आली आणि गजर असा उठला की कळसावरची कबुतरं उडाली.

प्रसाद वाटून झाला, मंडप रिकामा झाला. अच्युतराव पायरीवर बसून बोटं चाटत होते. एकाएकी ते थांबले.

"अगं, गूळ कोणी जोखला का? माझं खरं वजन किती?"

"कोण जोखणार? सगळा वाटून गेला."

"मग उद्या घरोघरी विचारून येतो, कोणी कोणी किती घातला. बेरीज केली की झालं."

लीलाबाईंनी पगडी त्यांच्या डोक्यावर बसवली. "जा, विचारा. जी ती आपला खडा वाढवूनच सांगेल. संध्याकाळपर्यंत तुमचं वजन हत्तीएवढं भरेल."

अच्युतराव गेले नाहीत.