तीनदा बदललेलं तेल

ज्या दिवशी फटफटीचं तेल बदलायचं, त्या दिवशी आमच्या शेजारचे गणपत मिस्त्री स्वतःही एरंडेल घेत. सकाळी चहात दोन चमचे. "तिचं पोट साफ कराचं अन् आपलं घाण ठेवाचं, हे बरं नाई," असं ते म्हणत. मग दोन्ही कामं बरोबर चालत. फटफटी अंगणात परातीवर थेंब थेंब गळत असे, आणि मिस्त्री टमरेल घेऊन शेताकडे धावत असत.

मिस्त्री कापसाच्या जिनात फिटर होते. माझे सासरे त्याच जिनात वजनकाट्यावर होते, म्हणून मिस्त्री मला सूनबाई म्हणत आणि मी त्यांना मामाजी. म्हणजे, म्हणायची वेळ आलीच तर. नालवाडीत येऊन मला सात वर्षं झाली होती, तरी त्यांच्याशी माझं बोलणं पदराआडून 'हो' आणि 'नाही' एवढंच. परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो. पण आमच्या दोन अंगणांमध्ये तुराट्यांचं कुंपण होतं, आणि तुराट्यांच्या फटीतून सगळं दिसे.

फटफटी लढाईतली होती. मोडीत निघाली तेव्हा मिस्त्रींनी ती घेतली, वर्षभर खोलून ठेवली आणि पुन्हा जोडली. जोडून झाल्यावर एक लोखंडी तुकडा उरला. तो कुठला, हे काही केल्या कळेना. शेवटी त्यांनी तो देवघरात ठेवून दिला. "देवाले ठाऊक असन," म्हणाले. आणि फटफटी चालली.

तेल बदलायच्या आधी ते तिला उभ्या जागी पाव तास सुरू ठेवत. सगळी नालवाडी कानावर हात ठेवी. "गरम झाल्याबिगर पोटातलं बाहेर येत नाई. माणसाचंही तसंच हाय." मग खालचा बोल्ट काढायचा, तेल परातीत सोडायचं, तेलाच्या टाकीतली तारेची जाळी काढून घासलेटात कोंबडीच्या पिसानं धुवायची आणि उन्हात धरून एका डोळ्यानं तिच्यातून पाहायचं. तोवर लोक डबडी घेऊन जमलेले असत. ते काळं तेल कुणाला बैलबंडीच्या आसाला हवं असे, कुणाला करकरणाऱ्या दाराला. मला चौकटीच्या वाळवीसाठी लागे. मी कुंपणाखालून वाटी सरकवायची, ते पळीनं भरून द्यायचे.

इंजिनाचा आवाज ऐकायला ते पेचकसाचं टोक इंजिनाला लावत आणि मूठ कानाला. ही सवय इतकी अंगवळणी पडली होती की एकदा आमच्या ह्यांना खोकला झाला, तेव्हा मिस्त्री समाचाराला आले, पेचकस काढला आणि ह्यांच्या छातीला लावला. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. "डावा व्हाल वाजून राह्यला," म्हणाले. हे कचेरीतले कारकून, भित्रे. दोन दिवस रजा काढून पडून राहिले.

आदल्या वर्षी मिस्त्रींची बायको गेली. एकुलती मुलगी शांता जाम गावी दिलेली. तिला दिवस गेले होते. सातवा महिना लागला, तेव्हा मिस्त्रींनी सगळ्या गल्लीला सांगितलं, "पह्यलं बाळंतपण माहेरी. सोमवारी आणतो शांतीले." फटफटीचं तेल बदललं, एरंडेल घेतलं, मागच्या सीटवर रुईची गादी सुतळीनं बांधली. बाया म्हणाल्या, गर्भारशीला ह्या भूतावर बसवून आणणार? मिस्त्री म्हणाले, "पाण्यातल्या नावेसारखी आणतो तिले."

सोमवारी गेले. संध्याकाळी एकटेच परत आले.

"काऊन मिस्त्री," समोरच्या गवळ्यानं हटकलं, "लेक कुठं हाय? का फटफटीले हवा खायाले नेलतं?"

"इंजन तापलं," मिस्त्री म्हणाले. "तेल खराब होतं. रस्त्याच्या मधात बंद पडलं असतं तं?"

आठ दिवसांनी पुन्हा तेल, पुन्हा एरंडेल, पुन्हा गादी. पुन्हा एकटेच आले. ह्या वेळी म्हणे जाळी चोंदली होती. गवळी म्हणाला, "एवढं तेल तं आमी वर्षभर भाजीतही घालत नाई." सगळे हसले. मिस्त्रीही हसले. घरात गेल्यावर मात्र त्यांनी दिवा लावला नाही. दार उघडं होतं, ते आत अंधारात खाटेवर बसलेले मला दिसत होते.

तिसऱ्या खेपेलाही एकटेच आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत फटफटीखाली परात ठेवली. मी सवयीनं वाटी सरकवली. ती भरून आली, तेव्हा मी पाहतच राहिले. तेल मधासारखं पिवळं होतं. वाटीच्या तळावर कोरलेलं सासूबाईंचं नाव मला त्यातून स्पष्ट वाचता आलं.

मी कुंपणाशी उभी राहिले. मग मी म्हणाले, "मामाजी, तेल तर चांगलं आहे."

ते दचकले. मी एवढं मोठं वाक्य त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. हातातलं पीस घासलेटात बुडवून ठेवत म्हणाले, "चांगलंच हाय."

मग आपणच सांगू लागले, जाळीकडे पाहत. "पह्यल्यांदा गेलतो तवा ईहीणबाई म्हणे, तुमच्या घरात बाई नाई. पोरीले कोणाच्या भरवशावर नेता? न्हाऊ कोण घालन तिले, तुमचं इंजन? खरंच बोलली ते. मी उठून आलो."

"आणि नंतर दोनदा?"

"मंग जामच्या चौकापर्यंतच गेलो. चहा पेलो. वापस आलो." मग हळूच म्हणाले, "घर चौकाले लागूनच हाय. शांतीले आवाज समजते फटफटीचा. येतानाचा समजते, अन् जातानाचाही."

मला मूल नव्हतं. पण तिन्ही भावजयांची बाळंतपणं मी केली होती. मला शेक-शेगडी येते, ओवा-बाळंतशेपा येतं, मूल पायांवर घेऊन न्हाऊ घालता येतं. सगळं येत होतं आणि दुपारभर मी घरात एकटी बसून तांदळातले खडे दोनदोनदा निवडत होते.

"मी करते बाळंतपण," मी म्हणाले. "आणा तिला."

"ईहीणबाईले कोण सांगन?"

मग मीच म्हणाले, "मी सांगते."

ह्यांना विचारलं, तर हे चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. "तू? तू बोलशील?" आणि मग म्हणाले, "जा."

शांतासाठी बांधलेल्या गादीवर मी बसले. सगळी नालवाडी रस्त्यावर आली होती. गवळ्याची कासंडी हातातच राहिली. मी पदर दातांत धरला आणि गाव मागं पडेपर्यंत डोळे उघडले नाहीत.

जामच्या चौकात मिस्त्रींनी फटफटी थांबवली. उतरले आणि दोन्ही हात पुढं करून मला दाखवले. "सूनबाई, हाताले तेल तं नाई ना?" हात स्वच्छ होते. तरी त्यांनी धोतराला पुसले, पुन्हा पुसले. म्हणाले, "तू जा सामोर. मले त्या घरात बोलता येत नाई. बोलाचं सगळं शांतीची मायच बोले." गल्लीभर ज्यांचा आवाज चाले, त्या माणसाचा आवाज मला नीट ऐकूही आला नाही.

मी गेले. विहीणबाई ओसरीवर सूप घेऊन बसल्या होत्या.

"तुमी कोण?"

"शेजारीण. शांतेला न्यायला आले. बाळंतपण मी करीन."

"शेजारीण? शेजारीण काऊन करन? काय पडलं तुमाले?"

वाटेत जे जुळवलं होतं ते सगळं विसरले. दाराआड शांता उभी होती, चौकट धरून. तिच्याकडे पाहून मी म्हणाले, "माझ्या घरात दिवसभर कोणी नसतं. मला वेळ आहे."

त्यांनी सूप खाली ठेवलं. किती बाळंतपणं केली, विचारलं. मूल आडवं आलं तर काय, विचारलं. मी सांगितलं ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आठ दिवसानं बैलाची दमणी पाठवा. फटफटी आणली तं पोर पाठवणार नाई."

मी चौकात परत आले. मिस्त्री घराकडे पाठ करून उभे होते. मी सगळं सांगितलं. दमणी, आठ दिवस. मिस्त्रींनी पिशवीतून पाना काढला, खाली बसले आणि मागच्या चाकाचा नट आवळू लागले. तो घट्टच होता.

शांता ओट्यावर येऊन बापाकडे पाहत उभी राहिली होती.

"मामाजी," मी म्हणाले, "मागं पाहा."

"पाह्यतो," ते म्हणाले, आणि पाना फिरवत राहिले.