समुद्र नसलेल्यांचं स्थैर्य

ज्या देशांना समुद्र नाही, त्यांची काळजी समुद्रकिनारी बसूनच नीट करता येते. म्हणून आफ्रिकेतल्या भूवेष्टित देशांचा आर्थिक विकास व राजकीय स्थैर्य या विषयावरची परिषद बहारीनमध्ये, झल्लाकच्या एका रिसॉर्टवर भरली. (समुद्राकडे तोंड करून कुणी बसायचं, यावरून पहिल्या सत्रात खुर्च्यांची थोडी ओढाताण झाली.)

परिषद भरवणाऱ्या सल्लागार कंपनीत सदानंद टिळेकर स्थैर्यमापन पाहत. कुठला देश किती डळमळीत, हे ते राजधानी मनामातल्या ऑफिसातून दशांश चिन्हासकट सांगत. त्यातला एकही देश त्यांनी पाहिला नव्हता. त्यामुळे पूर्वग्रहाचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे संचालक ‘शांततामय सत्तांतर’ या विषयावर बोलणार होते. सकाळी त्यांचं कार्ड ऑफिसच्या दाराला लागेना. दुपारी तेच भाषण नव्या संचालकांनी वाचलं. सत्तांतर खरोखरच शांततेत झालं.

झांबियाहून आलेल्या अर्थतज्ज्ञ मुटिंटाबाईंनी हळूच विचारलं, “तुमच्याकडे असं नेहमी होतं?”

“छे छे! यंदा दुसऱ्यांदाच,” सदानंद म्हणाले, आणि विषय बदलायचा म्हणून त्यांनी बाईंना घरी जेवायला बोलावलं.

माहूजच्या फ्लॅटमध्ये त्यांच्या पत्नीनं, सुनीतानं, अळूवड्या केल्या होत्या. बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. भिंतीत एक खिळा नव्हता. पुस्तकं केळ्यांच्या खोक्यांत, कपडे सुटकेसमध्ये.

“नुकतेच आलात वाटतं?”

“बारा वर्षं झाली,” सुनीता म्हणाली.

सदानंदांनी खुलासा केला. व्हिसा दोन-दोन वर्षांनी वाढतो. उद्या ‘खलास, जा परत’ म्हणाले, तर कपाट कुठे नाचवायचं? चित्र जरा स्पष्ट होऊ दे, मग घेऊच. इंशाल्ला.

बाईंनी अळूवडी संपवली. “काल तुम्ही सांगत होतात, गुंतवणूकदारानं धीर धरून आमच्याकडे वीस वर्षांची धरणं बांधावीत.”

“अर्थात! विश्वास टाकल्याशिवाय विकास कसा होणार?”

“आणि तुम्ही कपाट घेत नाही.”

सुनीता हसत सुटली. हसता हसता तिनं डोळे पुसले, ते मात्र सदानंदांना हसण्यातलं वाटलं नाही. बारा वर्षं सुनीता इस्त्रीच्या साड्या पुन्हा सुटकेसमध्ये ठेवत आली होती, आणि आपण तिला दर दोन वर्षांनी चित्र स्पष्ट होण्याची तारीख देत आलो.

“अहो, उद्या कपाट घ्यायचं,” पाहुण्या गेल्यावर ती म्हणाली.

“बघू, इंशाल्ला—”

“इंशाल्ला नाही. उद्या.”

नईममधल्या दुकानातून कपाट आलं. सागवानी, तीन दारांचं. चौघांनी घामाघूम होऊन ते वर चढवलं आणि पुन्हा उतरवायला येणार नाही म्हणून बजावलं. पुढच्याच महिन्यात नव्या संचालकांनी सगळ्यांचे बायोडेटा मागवले. सदानंद घाबरले, पण सुनीतानं वरच्या कप्प्यात साड्या लावल्या होत्या, आणि त्या आता काही झालं तरी हलणार नव्हत्या.

सदानंदांची गोष्ट एवढीच. परदेशात माणसं अशी भित्री होतात, असं म्हणून वाचकांनी खुशाल हसावं. फक्त हसण्यापूर्वी टीव्हीच्या रिमोटवरचं, दुकानातून आलं तेव्हाचं प्लास्टिक तेवढं काढून ठेवावं. आणि शोकेसमधल्या त्या काचेच्या डिनर सेटमध्ये आज रात्री घरच्यांनीच जेवावं. नाहीतर स्थैर्याच्या यादीत आपला क्रमांक भूवेष्टित देशांच्याही खाली लागेल.