चारही पाय मोकळे

आमच्या धायरीच्या सोसायटीत शोकसभा असली की बोलायला उभा राहणारा आधी दिघेकाका आलेत का ते बघून घेतो. मागे एक जुने सभासद गेले, तेव्हा कोणीतरी गहिवरून म्हणालं, "भाऊंनी आयुष्यात कधी कोणाचं मन दुखावलं नाही." तिसऱ्या रांगेतून शांत आवाज आला, "कशावरून?" काका उभे राहिले. "नाही, म्हणजे माझं दुखावलं होतं. पार्किंगवरून. दोनदा. बाकी माणूस उत्तम होता." एवढं बोलून खाली बसले.

दिघेकाका वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. उभं आयुष्य दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेलं, आणि तराजू हातातून सुटल्यावर त्यांनी माणसं तपासायला घेतली. कोपऱ्यावरची भाजीवाली म्हणायची, "काका, मटार लई गोड हाय." काका लगेच, "कशावरून?" ती पण खमकी. "खाऊन बघा की मग!" काका एक शेंग सोलायचे, सावकाश चावायचे आणि निकाल द्यायचे, "मध्यम आहे. अर्धा किलो दे." मी जिन्यात सहज म्हणाले, "आज काय उकडतंय हो!" तर उत्तर आलं, "कालच्यापेक्षा कमी." जेवढं आहे तेवढंच बोलावं, हा त्यांचा धर्म. 'अंदाजे', 'साधारण', 'जवळजवळ' हे शब्द त्यांच्या लेखी खोट्या वजनांसारखे, जप्त करण्याच्या लायकीचे.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. बँकेतून निवृत्त, एकटी. सरळ सांगते, मला या माणसाचा वैताग यायचा. त्यांच्या घरी मी जायचे ती काकूंसाठी.

काकू महापालिकेच्या शाळेत पहिलीला शिकवायच्या. हसऱ्या, गोल चेहऱ्याच्या. वर्षानुवर्षं त्यांनी फळ्यावर खडूने हत्ती काढला. मुलं विचारायची, "बाई, याच्या पायात साखळी का नाही?" कारण पोरांनी पाहिलेला प्रत्येक हत्ती साखळीतला होता. काकूंनीही तसाच पाहिलेला. "मी आयुष्यभर खोटा हत्ती शिकवला गं सुनंदा," त्या मला म्हणायच्या. "एकदा मोकळा हत्ती बघायचाय. स्वतःच्या डोळ्यांनी."

आणि नेमके डोळेच चालले होते. काचबिंदू. नजर कडेकडेने मिटत आली होती, मध्ये नळीतून पाहिल्यासारखं थोडं उरलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हेही जाईल. एखादी गोष्ट त्या नळीत सापडायला काकूंना वेळ लागायचा. बाकीचं जग त्यांना काका सांगायचे. "आज आकाश कसं आहे हो?" "निम्मं ढगाळ." "मी कशी दिसते?" "पदराला हळद लागलीय." मला राग यायचा. बाई विचारतेय तर छान दिसतेस म्हणायला काय जातं? पण काकू म्हणायच्या, "असू दे. मला माहितीय ना, हे जे सांगतात ते तिथे असतंच. नाहीतर मी कोणाच्या भरवशावर चालू?"

काका त्यांना आधी कर्नाटकातल्या एका अभयारण्यात घेऊन गेले. हत्ती निघाला तशा चहूकडून जीपगाड्या धावल्या, पोरंटोरं ओरडली, ड्रायव्हरने "दिसला ना? चला!" म्हणून गाडी काढली. काकूंच्या नळीत काहीतरी राखाडी सरकलं. ती वनखात्याची बस होती, हे काकांनी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं.

त्यानंतर काकांच्या मनाने घेतलं की गर्दी नसलेलं जंगल पाहिजे. महिनाभर नकाशे धुंडाळून त्यांनी झांबियाच्या एका कोपऱ्यातलं असं अभयारण्य शोधलं की त्याचं नाव ऐकून सहलवालासुद्धा गोंधळला. फोनचा स्पीकर चालू होता, मी समोरच बसले होते.

"काका, तिथे कोणी जात नाही."

"म्हणूनच."

"अहो, पण प्राणीही फार नाहीत तिथे. शिकार झाली होती मधल्या काळात."

"कशावरून?"

"कशावरून काय काका, म्हणून तर कोणी जात नाही!"

काकांना आयुष्यात पहिल्यांदा बिनतोड पुरावा मिळाला आणि तो त्यांनी कानाआड केला. "हत्ती आहेत ना? मग झालं. उभं राहायला वेळ मिळाला पाहिजे, बस."

तंबूत राहायचं, न्हाणीघर बाहेर, काकूंचा हात धरायला बाईमाणूस हवं, म्हणून मलाही नेलं. निघायला मात्र उशीर झाला. काकूंचं ऑपरेशन करून पाहिलं, ते लागू पडलं नाही. विमानात बसलो तेव्हा त्या नळीतही फक्त उजेड आणि सावली उरली होती. तरी म्हणाल्या, "सावली मोठी असली की कळेल मला."

मुक्काम तीन दिवसांचा. पांढरी वाळू, वाळकं गवत, मधूनच निष्पर्ण झाडं, आणि आमच्याशिवाय चिटपाखरू नाही. उघडी जीप जोसेफ चालवायचा, तोच वाटाड्या. पहिल्या दिवशी लांबवर हरणांचा कळप दिसला. काकांनी आपल्या पद्धतीने वर्णन केलं. "हरणं. तांबूस. लांब आहेत. चरतायत. संपलं." काकू खूश.

दुसऱ्या दिवशी जोसेफ म्हणाला, रात्री इथून हत्ती गेलेत. काकांनी इंग्रजीतून कशावरून विचारलं. त्याने मुकाट्याने लीद दाखवली. काकांना माणूस आवडला. काकूंनी ती लीद हातात मागितली, फोडली, नाकाशी नेली. "अहो, गवताचा वास येतोय! आमच्या शाळेच्या मैदानाचा!" पण हत्ती काही दिसला नाही. त्या संध्याकाळी काका तंबूबाहेर खुर्चीत बसून होते. कोणाला काही विचारलं नाही, कोणाला दुरुस्त केलं नाही. मला ते बघवेना.

शेवटच्या सकाळी जोसेफने जीप एका कोरड्या नदीच्या काठावर उभी केली. समोरच्या काठावर एक वठलेलं झाड. आम्ही बसून राहिलो. ऊन चढलं. दुपारी विमान गाठायचं होतं. काकूंनी काकांचा हात चाचपून धरला.

"अहो, राहू दे आता. वास घेतला ना मी त्याचा? पुष्कळ झालं."

त्या हे समजूतदारपणाने म्हणाल्या, आणि तेच वाईट होतं. काका समोर बघत राहिले.

"थांब," ते हळूच म्हणाले. "हलू नकोस. आला."

"कोण?"

"हत्ती."

मी दचकून समोर पाहिलं. वाळू होती, झाड होतं. तीन दिवसांत जोसेफला 'हत्ती' हा एक मराठी शब्द पाठ झाला होता. त्याने झटकन दुर्बीण लावली, इकडून तिकडे फिरवली, मग वळून काकांच्या तोंडाकडे पाहिलं. दुर्बीण खाली घेतली. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तोही त्या झाडाकडे बघत बसला.

"कुठे हो?"

काकांनी काकूंचा चेहरा दोन्ही हातांनी धरून हलकेच वळवला. "इथे. झाडाला लागून. एकटा आहे."

"केवढा?"

"अंदाजे... दहा फूट." जरा थांबून म्हणाले, "डावा कान खालून फाटलाय. सोंडेने माती घेतोय, पाठीवर उडवतोय. दात आखूड आहेत."

"आणि पायात?"

"काही नाही. चारही पाय मोकळे."

काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मलाही आवरेना. मी तोंडात पदर कोंबून बसले.

"जातोय का?"

"नाही. तुझं बघून होईपर्यंत उभा आहे."

परतीच्या विमानात मी काकूंना हात धरून स्वच्छतागृहापर्यंत नेत होते. मध्येच त्या थांबल्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "सुनंदा, छत्तीस वर्षं संसार केला. या माणसाच्या तोंडून 'अंदाजे' पहिल्यांदा ऐकलं." आणि हसल्या. "काय सुंदर हत्ती होता गं. यांना बोलू नकोस हो काही."

नंतर सोसायटीतल्या प्रत्येकाने तो हत्ती ऐकला. काकू रंगात येऊन दोन हत्ती म्हणाल्या की आतून काकांचा आवाज यायचा, "एकच होता." उजवा कान म्हणाल्या की, "डावा." मी चहा पीत राहायचे.

संक्रांतीच्या आधी काकू गेल्या. हृदय थांबलं, दोन मिनिटांचा खेळ. शोकसभेत त्यांची एक जुनी विद्यार्थिनी बोलली. "आमच्या बाईंची एकच इच्छा होती," ती म्हणाली, "आणि ती पुरी झाली. मोकळा हत्ती बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला." सवयीने सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. काका खाली बघत बसले होते.

सभेनंतर मी त्यांना घरी सोडायला गेले. चहा केला. काकूंची काठी दारामागे तशीच होती. त्या सकाळबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी कधी एक अक्षर बोललो नव्हतो.

"सुनंदा," काका म्हणाले, "तिला कळलं असेल का गं?"

"नाही काका," मी म्हणाले. "अजिबात नाही."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ओठ उघडले. आता ते काय विचारणार हे मला ठाऊक होतं. मी कपबशीकडे बघत राहिले.

काकांनी विचारलं नाही. "बरं," म्हणाले, आणि चहाचा कप ओढून घेतला.