जांभळांचं पहिलं पाणी

जांभळातली अळी कशी काढावी, हे आमच्या गावात माझ्याइतकं कुणाला कळत नाही. मी गंजाच्या पातेल्यात मिठाचं पाणी केलं, की अळ्या आपापली गाठोडी घेऊन रांगेनं बाहेर पडतात. एक म्हातारी अळी तर जाताना मला हात जोडून गेली होती.

अठ्ठ्याण्णव सालच्या जूनमध्ये ही विद्या पणाला लागली. आमच्या पोरीला, कांताला, पाहायला आरमोरीचे मुखरूभाऊ येणार होते. त्यांचा पोरगा कांताच्या मनात भरलेला, पण बाप भारी चिकित्सक. आधीच्या एका घरी पोह्यात सोंडकिडा दिसला, तर यांनी सरळ चपला घातल्या. सोयरीक तिथंच मोडली. वर साखरेचा आजार, म्हणजे चहा नाही, लाडू नाही. म्हटलं, अंगणातली जांभळं देऊ.

"अजी, तासभर मीठपाण्यात राहू द्या," बायको म्हणाली. "मंग ते पाणी फेका अन् साध्या पाण्यानं दोनदा धुवा. पण चोळू नका."

"मले शिकवून राह्यली का, गोकुळा?"

मी चोळलीच. निम्मी फुटली, पाणी जांभळं झालं आणि वर बारक्या पांढऱ्या अळ्या तरंगू लागल्या. गंज सावलीत हवा म्हणून मांडवाच्या खांबापाशी ठेवला. तिथं उन्हाळाभर आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी प्यायचं पाणी ठेवतो. गिलासही तिथंच असतो. तासानं जांभळं टोपलीत उपसली आणि मागे विहिरीवर धुवायला नेली. पाणी फेकायचं तेवढं राहिलं.

आरमोरीची एसटी जन्मात एकदाच वेळेआधी आली, ती त्या दिवशी. परतलो तर मुखरूभाऊ मांडवात उभे, हातात गिलास, मिशा जांभळ्या.

"मनसारामभाऊ, सरबत झकास आहे. साखर नाई, मीठ बरोबर. हा तिसरा गिलास."

दारातून कांता माझ्याकडे बघत होती.

"अन् जिरं काय सढळ हातानं टाकलं जी!"

मी चकचकीत धुतलेली जांभळं पुढे केली. त्यांनी हात मागे घेतला. "नाई भाऊ. जांभळात अळ्या रायतात. मी कुठीच खात नाई."

गोकुळानं तोंडात पदर कोंबला.

"सरबत कसं केलं, ते सांगा," मुखरूभाऊ म्हणाले.

"जांभळं तासभर मीठपाण्यात ठेवाची. मंग काढून घ्याची."

"अन् हे पाणी?"

आता खोटं बोलणं काही माझ्या स्वभावात नाही. मी मान खाली घातली. "हे पाणी पाहुण्याले द्याचं नसते, भाऊ."

मुखरूभाऊंचे डोळे भरून आले. "म्हणजे घरच्या माणसाचं पाणी मले पेऊ देलं. तुमी मले पाहुणा समजलेच नाई. पोरगी आमची झाली."

कांताच्या लग्नाला आता सात वर्षं झाली. व्याही दर जूनला सरबत प्यायला येतात. मी फळं नीट धुतो, सरबत वेगळं करतो आणि त्यात दुकानातलं खरं जिरं टाकतो.

ते म्हणतात, पहिल्यासारखी चव नाही.